रामफळाखालची राख

यंदा आखिती जवळ आली तशी मला ती नकोशी व्हायला लागली. एरवी हा माझा लाडका सण. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्यानं भरायची. ती भरेपर्यंत नव्या माठातलं पाणी प्यायचं नाही, आंब्याला हात लावायचा नाही. आधी त्यांना, मग आपल्याला. भाजून निघालेल्या घरात ती एकच गार वस्तू, भोवती पळसाच्या पत्रावळी, पुरणपोळी, चिंचवणी, आणि अंगणात उभं राहून कावळ्याची मनधरणी करणारी मोठी मोठी माणसं. मला त्या दिवशी फार भूक लागते.

यंदा भूक बिक सगळी पळाली. कारण माझ्या शेजारी राहणाऱ्या नामदेवकाकांना मला एक गोष्ट सांगायची होती. सांगितली तर त्यांचं वर्षभराचं समाधान मोडणार होतं, आणि नाही सांगितली तर मला त्यांच्याकडे मान वर करून बघता येणार नव्हतं. सांगावं की गप्प बसावं, हे काही केल्या ठरत नव्हतं. मी मुळातच धड निर्णय घेणारी बाई नाही. भाजीला पालक घ्यावा की मेथी, यात माझी सकाळ जाते.

मी हिंगोलीत वाढले. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे मातीशी संबंध एवढाच, की घरात येताना पाय धुऊन या. पुढे शहरात जाऊन मातीकाम शिकले. चाकावर भांडी चढवायची, भट्टीत भाजायची, त्यांच्यावर काचेसारखी झिलई आणायची. चाळिशीला आले आणि ते सगळं उचलून साखऱ्याला, या खेडेगावात, आले. काहून आलीस, असं आई अजून विचारते आणि मी दरवेळी वेगळं उत्तर देते. कधी सांगते, माती चांगली आहे. कधी सांगते, भाडं नाही. खरं उत्तर सापडलं की तिला आधी सांगीन.

नामदेवकाकांच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक शेड रिकामी होती. ती त्यांनी मला दिली ती त्यांच्या बायकोच्या, सुभद्राकाकूंच्या सांगण्यावरून. काकू रोज सकाळी चहा घेऊन यायच्या आणि चाकाशेजारी बसायच्या. ओल्या मातीचा गोळा वर चढायला लागला की त्या लहान मुलीसारख्या पुढे सरकायच्या. "आता पडंल पाह्य. आता पडंल. न्हाई पडलं बया!" असं त्यांचं सतत चालायचं. एखादं भांडं खरंच बसलं की त्यांना त्याहून जास्त आनंद व्हायचा.

गावानं मला आधी बरंच जोखलं. एवढं शिकून बाई मडकेच करून राहिली, असं नाक्यावर बोलायचे. पण मग कोणी तळ्याच्या काठची चिकणमाती ट्रॅक्टरवर टाकून आणून दिली. कोणी कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्यांचे भारे शेडसमोर आणून टाकले, जाळायला. गिरजाबाईंनी तर मला आपल्या ओसरीवर बसवून घेतलं. गिरजाबाई म्हणजे गावातलं कुंभाराचं शेवटचं घर. वय सत्तर तरी असेल, पण वैशाख लागला की आसपासच्या गावांच्या घागरी त्यांच्याच आव्यात, उघड्या भट्टीत, भाजतात. चाकावरून उतरलेली कच्ची घागर मांडीवर घ्यायची, आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत पोट वाढवायचं. मी पहिल्यांदा थापी मारली ती घागरीतून आरपार गेली. "सात वर्सं शिकली म्हंतीस," गिरजाबाई म्हणाल्या, "आन् तिथं काय पेढे वळायला शिकवलं का?"

त्या ठोक्यांचा आवाज मला फार आवडतो. ओल्या मातीचा वेगळा, अर्धवट सुकलेल्या मातीचा वेगळा. वैशाखात दुपारी सगळं गाव दारं लोटून पडलेलं असतं, काळ्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, कडुलिंबाच्या फुलांचा कडूगोड वास सुटलेला असतो, आणि त्या सगळ्यात तो एकच आवाज चालू असतो.

गेल्या वर्षी आखिती झाली आणि आठव्या दिवशी काकू गेल्या. उन्हाचा तडाखा बसला, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी आटोपलं. सवाष्ण गेल्या म्हणून हिरवा चुडा भरून नेलं. मुलानं अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या. राख मात्र काकांनी नदीत टाकू दिली नाही. नदीला डबक्यापुरतंसुद्धा पाणी नव्हतं. "कोरड्या वाळूत कुठं टाकू तिले?" म्हणाले. पाऊस पडला की झाड लावीन आणि त्याच्या मुळाशी टाकीन, असं त्यांनी ठरवलं. तोवर ती राख तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून अंगणातल्या कडुलिंबाला टांगली, कारण अशी राख घरात ठेवत नाहीत.

त्याच दिवसांत मी गावभर राख गोळा करत होते. यात विचित्र काही नाही. लाकडाची राख चाळून, मातीत कालवून भांड्याला लावली की भट्टीत तिची झिलई होते. गावची माती, गावच्या चुलीची राख, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. बायका हसायच्या, पण डबे भरून ठेवायच्या. काकांच्या सुनेनं, सुनीतानंही घरच्या चुलीची राख एका डब्यात साठवून गोठ्यात ठेवली होती. एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, गोठ्यातला डबा घेऊन जा." मी गेले, समोर दिसला तो डबा उचलला, आणला, चाळला, कामाला लागले.

आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला होता. हे मला माहीत होतं, कारण माझ्या शेडचा एक पत्रा उडाला होता. पण त्या वळवाचा आणि त्या डब्याचा काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

चाळणीत हिरव्या काचेचा एक वितळलेला खडा सापडला होता. फुटकी बांगडी चुलीत गेली असेल, असं म्हणून मी तो फेकला. कोणत्याही खेड्यातल्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की फुटकी बांगडी कोणी चुलीत टाकत नाही. मी विचारलं नाही. शिकलेली ना मी!

त्या राखेच्या एकवीस वाट्या केल्या. भट्टी उघडली तर मी बघतच राहिले. चुलीच्या राखेची झिलई शेवाळी येते, नाहीतर चहासारखी. ही दुधाळ निळी आली होती, नीळ घालून धुतलेल्या धोतरासारखी. मी त्या वाट्या पुण्याला एका प्रदर्शनात नेल्या. एक तडकलेली सोडून सगळ्या गेल्या. इकडे मृगाचा पाऊस पडला आणि काकांनी अंगणाच्या कडेला रामफळ लावलं. काकूंना रामफळ आवडायचं. खड्ड्यात त्यांनी डबा उपडा केला, तेव्हा मीही तिथे हात जोडून उभी होते.

त्यानंतर रोज सकाळी काका बिंदगीभर पाणी घेऊन त्या रोपापाशी जायचे आणि बोलायचे. माझी शेड तिथून दहा पावलांवर. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं. "काहून गं, मान टाकली का आज? पी, पी. सुनीचा चहा म्हंजी साखरीचा पाक, काय सांगू तुले. म्हैस आटली. तुझ्या भावाचा फोन आल्ता, गुडघ्याची तकलीफ हाय म्हने त्याले." असं सगळं. जिवंतपणी त्यांनी काकूंशी एवढं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा मी तसं म्हणाले तर लाजले. "तवा टाईमच कुठं व्हता ताई," म्हणाले.

हिवाळ्यात पुण्याहून त्याच निळ्या रंगाची मागणी आली. मी सुनीताकडून पुन्हा चुलीची राख घेतली. तीच चूल, तीच बाभळीची लाकडं, तीच माती. झिलई शेवाळी आली. पुन्हा केली, पुन्हा शेवाळी. तिसऱ्यांदा भट्टी उघडली आणि भांड्यांकडे बघता बघता मला शिकवलेलं एक वाक्य आठवलं, की राखेत हाडाचा अंश असला तर झिलई दुधाळ होते, निळसर होते. मग तो हिरवा खडा आठवला. मग दोन डबे आठवले, एकाच कंपनीच्या तेलाचे, एकाच पिवळ्या रंगाचे. एक गोठ्यातला, एक लिंबाला टांगलेला.

खात्री? खात्री अजूनही नाही. तपासायला ती राख उरलीच नव्हती. कधी वाटायचं, भट्टीत हजार गोष्टी होतात, उगीच नाही ते डोक्यात घेतेय मी. पण अंगणात काका त्या रोपाला सुनेच्या तक्रारी सांगायला लागले की माझे हात थांबायचे. चाक फिरत राहायचं आणि भांडं हातातल्या हातात वाकडं व्हायचं.

मी आधी सुनीताला सांगितलं. ती दळण निवडत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "ताई, झाडावरचा डबा गोठ्यात कसा आला मले न्हाई माहीत. पन मामंजीले नका सांगू. सुनेनं सासूची राख उचलून देली म्हंतील. जलमभर ऐकावं लागंल मले." तिचंही खरंच होतं.

मग गिरजाबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे उरलेली एकुलती एक तडकलेली निळी वाटी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. "गप ऱ्हाय," म्हणाल्या. "म्हाताऱ्याचं बरं चाललं हाय, काहून उकरतीस?" मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काठी टेकत शेडवर आल्या. "सांगून टाक बाई. काल म्या उगंच बोलले." आता बोला! एवढी अनुभवी बाई, तिचा असा गोंधळ, तर माझी काय कथा. मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा. जुन्या माणसांना सगळं माहीत असतं, हे आपणच ठरवलेलं असतं, आणि मग त्यांना माहीत नसलं की आपल्याला राग येतो.

आखितीला पंधरा दिवस असताना काका शेडवर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, यंदा तिची पहिली घागर हाय. तुमी करा. गिरजाबाईची दरसाली असतेच. तुमच्या काकूले तुमचं लई कौतुक व्हतं."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मी घागर केली. गिरजाबाईंच्या ओसरीवर बसून आठ दिवस ठोकली. दोन फुटल्या, तिसरी जमली. त्यांच्याच आव्यात, गोवऱ्या आणि पऱ्हाट्यांत ती भाजली. थोडी कलती झाली होती. ठोकताना रोज एकच विचार डोक्यात असायचा. ही घागर काकूंच्या नावानं भरतील, त्यातलं पाणी त्या रामफळाला घालतील, आणि मी समोर पत्रावळीवर बसून पुरणपोळी खाईन. हे काही मला जमणार नव्हतं. बाकी काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

आखितीच्या आदल्या दिवशी मी घागर घेऊन गेले. काका लिंबाखाली दोर वळत बसले होते, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. मी घागर उंबऱ्यापाशी ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं. डबा मीच चुकीचा उचलला, असं म्हणाले. सुनीता सूप हातात घेऊन दारात उभी होती, तिच्याकडे मी बघितलं नाही.

अंगठ्यातला दोर सुटला. तो त्यांनी परत धरला नाही. त्यांनी रामफळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग वर्सभर म्या कोनाशी बोलून राहिलो, ताई?"

"माहीत नाही, काका."

ते उठले आणि रानाकडे निघून गेले. चप्पल घालायचं राहिलं होतं. वैशाखाची दुपार, खाली फोफाटा नुसता तापलेला. सुनीतानं घागर आत नेली.

आखितीची सकाळ उजाडली तरी काका रोपापाशी आले नाहीत. वर्षात पहिल्यांदा. आठ वाजताच ऊन चटके द्यायला लागलं आणि रामफळाची पानं लोंबायला लागली. मला राहवेना. तांब्याभर पाणी घेऊन मी रोपाजवळ गेले. आणि तिथे मला प्रश्न पडला, हे पाणी मी कोण घालणारी? कुणाला घालतेय? भरला तांब्या घेऊन मी परत आले. शेडमध्ये बसून रडले, खरं सांगायचं तर. केवढं मोठं काम करायला निघाले होते, गावची माती आणि गावची राख! आणि एका माणसाची बायको मी पुण्याच्या प्रदर्शनात ठेवून आले होते.

दहाच्या सुमाराला काका आले. हातात बिंदगी. शेडच्या दाराशी टेकले आणि खाली बघत बोलायला लागले.

"वळीव आल्ता त्या रोजी. वारं असं सुटलं, डबा झाडाले आपटून राहिला. पडंल, सांडंल म्हून म्याच काढला आन् गोठ्यात ठुला. सुनीले सांगायचं राह्यलं. दोन रोजानं पाह्यलं तं एकच डबा दिसला, तोच पुन्हा टांगला. आता तुमी काय करान आन् ती तरी काय करंल?"

बिंदगी त्यांनी बाजूला ठेवली.

"झाडाखाली मंग चुलीची राख हाय."

"हो."

"आमच्याच चुलीची?"

"तुमच्याच, काका."

ते बोटानं जमिनीवरची वाळलेली माती खरवडत राहिले. "चितेवर ती कितीक टाईम व्हती? एक दुपार. त्या चुलीपुढं चाळीस वर्सं बसली. फुकनीनं फुकून फुकून डोळे अधू झाले तिचे. मंग तिची राख कोनती म्हनावं?"

हे ते मला विचारत होते, की स्वतःला समजावत होते, की मी रडलेली दिसत होते म्हणून माझं मन राखत होते, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. ते उठले, रोपापाशी गेले, बिंदगी ओतली. विहिरीवरून आणखी एक भरून आणली, सकाळी उशीर झाला म्हणून, तीही ओतली. पण बोलले नाहीत. मी कान देऊन ऐकत होते, एक शब्द आला नाही. आता ते पुन्हा कधी बोलतील की नाही, कोण जाणे. ते मी त्यांच्याकडून घेतलं, हे खरंच आहे.

परत येऊन म्हणाले, "आन् त्या वाट्या कुठं हायेत?"

"पुण्याला. लोकांच्या घरी."

"पुन्याले?" त्यांनी डोळे मोठे केले. "अरं बाप रे! जित्तेपनी वारंगा फाट्याच्या पुढं न्हाई गेली ती." आणि चक्क हसले. हसताना डोळे पुसले. "काय ठेवतेत लोक त्याच्यात?"

"कोणी दही. कोणी लोणचं. एक शाळेतल्या बाई आहेत, त्या रोजच्या जेवणात ठेचा ठेवतात. फोटो पाठवला होता त्यांनी."

काकांचा चेहरा एकदम बदलला. "ठेचा न्हाई. ठेचा ठेवू नका म्हनाव. साऱ्या घराले कुटून द्यायची, पन तिले तिखट सोसायचं न्हाई. पोटात आग पडायची तिच्या. दहीभात खायची निसता." मग अगदी विनवणीच्या सुरात, "सांगान का तेवढं त्यायले?"

"सांगते."

"मंग या घागर भराले. पानं मांडायची हायेत. घागर थोडी गळून राहिली तुमची, पन असू द्या."

ते गेले. मी हात धुतले, फोन शोधला आणि पुण्याच्या त्या बाईंना लावला. त्या स्वयंपाकघरातच होत्या, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "ताई, एक सांगायचं होतं. त्या निळ्या वाटीत ठेचा नका ठेवू."

"का हो? रंग उडतो का त्याचा?"

"नाही, रंग नाही उडत."

"मग?"

अंगणातून सुनीता हाक मारत होती, कावळा आला होता.

"दही ठेवा," मी म्हणाले. "गोड दही."

"बरं," म्हणाल्या. "आजच विरजण लावते."